फुकटच्या बशीची साक्ष : अमेरिकन कुटुंबस्मृती आणि बक्षिसाची भांडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० ते १९६० ह्या तीन दशकांत लहानाची मोठी झालेली पिढी आपल्या घराविषयी सांगू लागली आणि स्वयंपाकघरातील भांड्यांचा विषय निघाला, की एक विधान हटकून येते : ‘त्या बशा आईला फुकट मिळाल्या होत्या.’ कोणाकडे त्या ओटच्या डब्यातून निघालेल्या असतात, कोणाकडे कपडे धुण्याच्या पावडरीच्या खोक्यातून. कोणाच्या आईने दर आठवड्याला चित्रपटगृहातून एकेक नग आणलेला असतो, तर कोणाच्या दारी चहा-कॉफी विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याने त्या आणून दिलेल्या असतात. तपशील बदलतो, ‘फुकट’ हा शब्द बदलत नाही. नातवंडांपर्यंत पोहोचेतो कंपनीचे नाव गळते, वर्ष गळते, मूळचे नग किती होते हेही गळते. हा एक शब्द मात्र टिकून राहतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. व्यापाराची रीत पाहिली की ह्यांतील एकही बशी खऱ्या अर्थाने फुकट नव्हती हे चटकन ध्यानात येते. परंतु तेवढ्यावरून आठवण निकालात काढणे म्हणजे साक्षीदाराची एक चूक सापडताच त्याची सारी जबानी फेटाळण्यासारखे होईल. मॉरिस हाल्बवाक्स ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा स्मृतीच्या सामाजिक चौकटींविषयीचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुटुंबाच्या सामूहिक स्मृतीला एक स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. गतकाळ जसाच्या तसा साठवून ठेवला जात नाही, वर्तमानातील समूहाच्या गरजेप्रमाणे तो पुन्हा रचला जातो, हा त्याचा सिद्धान्त ह्या बशांना चांगला लागू पडतो. प्रश्न एवढाच की, अमेरिकन कुटुंबाने ‘फुकट’ हा शब्द जपून ठेवला तो कशासाठी?

एका मालाबरोबर दुसरी वस्तू देण्याची प्रथा १९२९ नंतरच्या महामंदीत जन्मली, असा एक रूढ समज आहे. तो बरोबर नाही. न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरी जॉन डी. लार्किन ह्याने १८७५ साली साबणाचा कारखाना काढला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या कंपनीने फिरते विक्रेते व दुकानदार ह्यांना बाजूस सारून टपालाने थेट घराघरांत साबण विकावयास आरंभ केला. मधल्या माणसांचे जे कमिशन वाचले ते गिऱ्हाइकाला वस्तुरूपाने परत द्यावयाचे, ही ह्या धंद्याची युक्ती. १० डॉलरचा साबण घेणाऱ्यास तेवढ्याच किंमतीची म्हणून सांगितलेली एखादी वस्तू मिळे. पण १० डॉलर एकदम काढणे सामान्य गृहिणीला अवघड होते. तेव्हा दहा जणींनी मिळून दरमहा एकेक डॉलर भरावा आणि दर महिन्यास एकीच्या वाट्याला बक्षीस यावे, अशी मंडळे निघाली. भिशीशी परिचित असलेल्या वाचकाला ह्या व्यवस्थेचे मर्म निराळे सांगावयास नको. मंडळ जमविणारी, वर्गणी गोळा करणारी आणि मागणीपत्र धाडणारी स्त्री ही कंपनीची विक्रेतीच होती. तिला पगार नव्हता इतकेच. बक्षिसांत चिनीमातीच्या भांड्यांना मागणी इतकी वाढली की कंपनीने १९०१ साली ‘बफलो पॉटरी’ हा स्वतःचाच कारखाना उभारण्यास घेतला. साबण खपविण्यासाठी भांड्यांचा कारखाना काढावा लागावा, ह्यातच ह्या प्रथेचे बळ दिसून येते.

ह्याच सुमारास, १८९६ साली, स्पेरी अँड हचिन्सन ह्या कंपनीने खरेदीवर हिरवी तिकिटे देण्यास सुरुवात केली. ती वहीत चिकटवून वही भरली की वस्तू मिळे. तिकिटांचा हा व्यापार पुढे १९६० च्या दशकात कळसाला पोहोचला. परंतु तेथे गिऱ्हाईक यादीतून वस्तू निवडीत असे, आणि म्हणून त्या आठवणींचा रोखही निराळा आहे. प्रस्तुत विषयाचा गाभा आहे तो निवड नसलेल्या, जो नग येईल तो घ्यावयाचा, अशा भांड्यांत.

असे भांडे इतके स्वस्त झाले की ते धान्याच्या डब्यात टाकून देता यावे, हे घडले यंत्रामुळे. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, पश्चिम व्हर्जिनिया आणि इंडियाना ह्या राज्यांतील काचकारखान्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काच साच्यात दाबून भांडी काढण्याची क्रिया जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या स्वाधीन केली. ओहायोतील लँकेस्टर येथील हॉकिंग कंपनीच्या वृत्तांतानुसार तिचे यंत्र मिनिटाला ९० नग काढू शके, आणि ५ सेंटला दोन पेले विकणे तिला परवडू लागले. ही काच उत्तम नव्हती. तीत बुडबुडे राहत, पृष्ठभागावर रेघा उमटत. ते दोष झाकावेत म्हणून जाळीदार वेलबुट्टी साच्यातच कोरलेली असे. गुलाबी, फिकट हिरवा, मधासारखा पिवळा, गर्द निळा अशा रंगांची ही काच. हिरव्या काचेतील काही भांड्यांत रंगासाठी युरेनियमचा अंश घातलेला असल्याने अतिनील प्रकाशात ती आजही झळकतात. कुटुंबातल्या आठवणींत ‘उजेडात धरली की किती सुंदर दिसत’ असे जिचे वर्णन येते ती वेलबुट्टी मुळात दोष लपविण्याची सोय होती, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. ती सोय सुंदर नव्हती असे मात्र ह्यावरून सिद्ध होत नाही.

ओटचा डबा हे ह्या काचेचे एक प्रसिद्ध वाहन. क्वेकर ओट्स कंपनीने आपला गोल पुठ्ठ्याचा डबा १९१५ साली बाजारात आणला. डब्यात काय निघेल हे डब्याच्या आकारावरूनच ठरे : पेला, कप, बशी, लहान वाडगा. जेवणाची मोठी ताटली किंवा वाढण्याचे मोठे भांडे तशा डब्यात मावणे कठीण. त्यासाठी ‘पाच-दहा सेंटच्या’ स्वस्त दुकानाची पायरी चढावी लागे. तेथे त्याच नमुन्याची भांडी रोख किंमतीला मिळत. तेव्हा घरात आज जो संच ‘ओटच्या डब्यातला’ म्हणून दाखविला जातो त्यातील मोठे नग बहुधा विकत आणलेले असतात. पण कुटुंबाने दोन्ही प्रकार एकाच कथेत सामावून घेतले आहेत. डब्यातून अवचित निघालेली बशी ही सांगण्याजोगी गोष्ट. दुकानातून दहा सेंटला आणलेली ताटली ही सांगण्याजोगी गोष्ट नव्हे.

सर्वांत बोलक्या आठवणी आहेत त्या चित्रपटगृहांच्या. महामंदीच्या पहिल्या झटक्यात हॉलिवूडला बोलपटाच्या नवलाईने तारले. पण १९३० नंतर ही नवलाई ओसरली. चित्रपट-उद्योगातील त्या वेळच्या अंदाजांप्रमाणे आठवड्याची प्रेक्षकसंख्या सुमारे ९ कोटींवरून १९३३ च्या आसपास ६ कोटींपर्यंत घसरली. मोठ्या शहरांतील साखळी चित्रगृहांपेक्षा गावातील आणि वस्तीतील लहान, स्वतंत्र चित्रगृहांना हा धक्का अधिक जाणवला. नवे चित्रपट त्यांच्याकडे शेवटी येत. तिकिटाचा दर आणखी उतरविण्यास जागा नव्हती. ह्या अडचणीतून ‘डिश नाइट’ निघाली. आठवड्यातील एखादा थंड वार ठरवावयाचा आणि त्या दिवशी तिकीट घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीला एक भांडे द्यावयाचे. ह्या आठवड्यात कप, पुढच्या आठवड्यात बशी, त्यापुढे वाडगा. पूर्ण संच हवा असेल तर महिनोन्‌महिने, कित्येक ठिकाणी वर्षभर, एकही वार न चुकविता यावे लागे. ओहायोतील सेलम चायना कंपनीसारख्या मातीकामाच्या कारखान्यांना ह्या मार्गाने मंदीतही माल खपविण्याची वाट सापडली. १९३० च्या दशकाच्या मध्यास तिकिटाचा सरासरी दर २५ सेंटांच्याही किंचित आत होता, हे लक्षात घेतले म्हणजे मालकाच्या नफ्यातून त्या भांड्याची किंमत निघणे किती घासाघाशीचे काम होते ह्याची कल्पना येते.

ह्या प्रथेला विरोधही झाला. नोव्हेंबर १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी संमत केलेल्या चित्रपटधंद्याच्या आचारसंहितेत अशा बक्षिसांना व सवलतींना आळा घालण्याची तरतूद होती. परंतु ज्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्याच्या आधारावर ती संहिता उभी होती, तो कायदाच २७ मे १९३५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेक्टर खटल्यात घटनाबाह्य ठरविला, आणि भांड्यांचा मार्ग मोकळा झाला. न्यायालयापुढचा प्रश्न ब्रुकलिनमधील कोंबड्यांच्या व्यापाऱ्यांचा होता. त्या निकालाने गावोगावच्या गृहिणींच्या कपबशा सुरक्षित केल्या, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

कॅथ्रिन फुलर-सीली ह्या चित्रपट-इतिहासकार स्त्रीने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात ह्या रात्रींकडे लक्ष वेधले, ते स्त्री-प्रेक्षकाच्या दृष्टीने. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. करमणुकीवर पैसे घालविणे हे टंचाईच्या दिवसांत गृहिणीला अपराधासारखे वाटे. भांडे मिळू लागताच तो खर्च घरखर्चात जमा झाला. चित्रपट पाहण्यासाठी बाहेर पडणे आता आळस राहिले नाही. ती घरासाठी केलेली खरेदी झाली. म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी बशी फुकट आणि चित्रपट विकत होता. गृहिणीच्या लेखी बशी विकत आणि चित्रपट फुकट होता. मुलांनी मात्र आईच्या तोंडचा हिशेब न उचलता व्यापाऱ्याच्या फलकावरचा शब्द उचलला.

मुलांच्या आठवणींत राहिला आहे तो आवाज. पडद्यावर ऐन गंभीर प्रसंग चालू असताना अंधारात कोणाच्या तरी मांडीवरून भांडे घसरते, फरशीवर फुटते, आणि सारे प्रेक्षागृह हसते. हा प्रसंग इतक्या जणांनी इतक्या ठिकाणांहून सांगितला आहे की त्याचे स्वरूप आता जवळजवळ लोककथेसारखे झाले आहे. जीन शेपर्ड ह्या विनोदी लेखकाने १९६६ च्या आपल्या कथाग्रंथात त्याला पुढच्या टोकाला नेले. इंडियानातील एका काल्पनिक गावी चित्रगृहाचा मालक स्त्रियांना आठवड्यामागून आठवडे ग्रेव्ही वाढण्याचे तेच ते नावेच्या आकाराचे भांडे देत राहतो. पुढच्या आठवड्यात बदलून देऊ, असे आश्वासन देतो. आणि शेवटी संतापलेल्या स्त्रिया ती भांडी त्याच्यावर फेकून मारतात. कथा कल्पित आहे, तेव्हा तिला घटनेचा पुरावा मानता येणार नाही. परंतु तिच्यातील संताप कल्पित नाही. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल माणूस असा चिडत नाही. ठरलेल्या क्रमाने नग न मिळाल्याबद्दल तो चिडतो, कारण आठवड्यामागून आठवडे येऊन त्याने आपली बाजू पाळलेली असते. शेपर्डच्या स्त्रिया दान घ्यावयास आलेल्या नाहीत, करार पुरा करून घ्यावयास आलेल्या आहेत. व्यापारी पत्रकांत न सापडणारी ही बाजू विनोदी कथेत सापडावी, हे साधनांच्या विचारात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

कराराचे हे रूप अधिक उघडपणे दिसते ते ज्युएल टी कंपनीच्या व्यवहारात. शिकागो येथे १८९९ साली फ्रँक स्किफ ह्याने सुरू केलेली ही कंपनी आरंभी घोडागाडीतून आणि नंतर मोटारीतून ठराविक दिवसांच्या अंतराने घरोघर चहा, कॉफी व किराणा पोहोचवी. तिची विशेष रीत अशी की, बक्षिसाची वस्तू आधी घरात येई आणि पुढच्या खरेदीवर मिळणाऱ्या गुणांतून ती हळूहळू फेडली जाई. ही उघडउघड उधारी होती. पण तिला उधारीचे नाव नव्हते, व्याज नव्हते, तारण नव्हते. गिऱ्हाईक बांधले जाई ते आधीच वापरात आलेल्या भांड्याने. १९३३ पासून ईस्ट लिव्हरपूल येथील हॉल चायना कंपनीने ज्युएलसाठी तपकिरी-केशरी पानांची जी भांडी बनविली ती ‘ऑटम लीफ’ ह्या नावाने पुढे विख्यात झाली. १९३१ साली वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर ह्या गावाने आगंतुक फिरत्या विक्रेत्यांना मज्जाव करणारा ठराव केला आणि अन्य गावांनी त्याचा कित्ता गिरविला. त्या काळातही ज्युएलचा माणूस असंख्य घरांत ओळखीचा म्हणून आत येत राहिला, त्याला ही पाने कारण झाली असे म्हणावयास हरकत नाही. ह्या व्यवहारातही फेडीचा भाग कुटुंबाच्या स्मृतीतून बहुधा गळून पडलेला आढळतो. उरतो तो दर खेपेला टोपलीतून काहीतरी नवे आणणारा ओळखीचा मनुष्य.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रगृहांना गर्दीची वाण उरली नव्हती, पण भांडी थांबली नाहीत. ‘डझ’ ह्या धुलाईच्या पावडरीच्या खोक्यातून होमर लाफलिन कारखान्याची सोनेरी गव्हाच्या ओंब्यांची भांडी निघू लागली. रॉयल चायना कंपनीची निळी-पांढरी ‘करियर अँड आइव्हज’ भांडी ए अँड पी ह्या किराणा साखळीतून घरोघर गेली. किराणा दुकानांच्या अशा योजनांत ठराविक खरेदीवर आठवड्याचा ठरलेला नग नाममात्र किंमतीला मिळे. साखरदाणी, दुधाचे भांडे आणि वाढण्याचे मोठे तबक ह्यांची किंमत मात्र पुरती मोजावी लागे. अर्धा संच घरात आलेला असताना साखरदाणीवाचून राहणे कोणाला जमते? खरा नफा तेथेच होता.

ह्या निरनिराळ्या मार्गांची आठवणीत सरमिसळ होणे स्वाभाविक आहे, आणि अभ्यासकाला सर्वांत मोठा धोका येथेच संभवतो. ‘मंदीच्या काळातील’ म्हणून दाखविलेले गव्हाच्या ओंब्यांचे ताट फार तर १९४० च्या दशकाच्या अखेरचे असते. ‘ऑटम लीफ’चे उत्पादन तर १९७० च्या दशकापर्यंत चालले, त्यामुळे त्या नमुन्याची एखादी बशी कोणत्या पिढीने मिळविली हे केवळ नमुन्यावरून ठरत नाही. त्याहून सूक्ष्म अडचण नावाची आहे. ज्या काचेला आज सर्वत्र ‘डिप्रेशन ग्लास’ म्हणतात ती विकली वा वाटली जात असताना तिला हे नाव नव्हते. हेझल मरी वेदरमन ह्या स्त्रीने त्या काळातील रंगीत काचेवरील आपला ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध केला आणि त्या सुमारास संग्राहकांची चळवळ वाढली, तेव्हा हे नाव रूढ झाले. त्यानंतर नोंदविलेल्या आठवणींत हे नाव येते आणि स्वतःबरोबर मंदीची सारी कथा घेऊन येते. आजीच्या कपाटातल्या गुलाबी वाडग्याला नाव मिळाले, की त्याच्या मागोमाग टंचाई, काटकसर आणि धीर ह्यांचे प्रसंगही आठवू लागतात. ते खोटेच असतात असे नाही. पण ते कपाटातून आले की पुस्तकातून, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

महाराष्ट्रात लग्नात वा मुंजीत आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख घालून घेण्याची रीत आहे. कित्येक घरांतील वंशावळीचा एखादा दुवा अशा घंगाळाच्या काठावरून जुळविता येतो. अमेरिकन बक्षिसी भांड्याला ही सोय नाही. चिनीमातीच्या बशीच्या पाठीवर फार तर कारखान्याचा शिक्का असतो, आणि यंत्रावर दाबलेल्या बहुतेक काचेवर तोही नसतो. देणारा ठाऊक नाही, कारण देणारी कंपनी. प्रसंग ठाऊक नाही, कारण प्रसंग म्हणजे मंगळवारची संध्याकाळ. एकाच साच्यातून निघालेल्या असंख्य बशांपैकी ही आपली, असे म्हणावयास कुटुंबापाशी आठवणीखेरीज दुसरे लिखित नव्हते. ‘आईला फुकट मिळाली’ हे वाक्य म्हणजे अशा भांड्यावर मागाहून घातलेले नाव होय. त्यात किंमतीविषयीचे विधान चुकीचे आहे. आईविषयीचे विधान बरोबर आहे. बहुधा हातात येणाऱ्या मोजक्या पैशांतून, कोणाजवळ मागणी न करता, तिने घरात सारख्या नमुन्याची सहा ताटे मांडली. पाहुणे आले असता एका मेळाची भांडी मांडता येणे ही प्रतिष्ठेची बाब होती, आणि मंदीत ती प्रतिष्ठा फार थोड्या मार्गांनी मिळविता येत असे.

पुढच्या पिढीने हे संच पुरे करावयास घेतले. फुटलेल्या वा कधीच न मिळालेल्या नगांसाठी जुन्या वस्तूंचे बाजार धुंडाळले गेले. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे १९८१ साली तर केवळ तुटलेल्या संचांतील नग शोधून देणारी एक कंपनीच निघाली, आणि आजीला तिकिटाबरोबर मिळालेल्या भांड्याच्या जोडीचे भांडे नातीने तिकिटाच्या कित्येक पट किंमत देऊन आणले. अशा मिश्र संचात मूळचे नग कोणते आणि मागाहून आणलेले कोणते, हे नमुना पाहून सांगता येत नाही. सोनेरी काठाच्या भांड्यांत मात्र एक खूण उरते. रोज धुतल्याने काठावरचा मुलामा झिजतो आणि सुरीच्या बारीक चऱ्यांनी ताटाचा मधला भाग निस्तेज होतो. ज्या ताटांचा काठ अजून लखलखीत आहे ती कोणाच्या तरी कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेली असावीत. ज्यांचे सोने जाऊन नुसती फिकट रेघ राहिली आहे, त्यांतून कोणी तरी रोज जेवले आहे.